दाताच्या आत डोकावणारा डेल्फ्टचा कापडव्यापारी

अ‍ॅमस्टरडॅमच्या पूर्वेला अगदी खेटून असलेले डीमन हे गाव आपल्यापैकी अनेकांना रेल्वेस्थानकाच्या नावापुरते किंवा भाड्याच्या पहिल्या घराच्या शोधापुरतेच ठाऊक असते. नेदरलँड्समधील आरोग्यविम्याच्या मूलभूत पॅकेजमध्ये काय असावे आणि काय नसावे, याविषयी सरकारला सल्ला देणारी झोर्गइन्स्टिट्यूट ही राष्ट्रीय संस्था याच गावात आहे. प्रौढांची नेहमीची दंतचिकित्सा या मूलभूत पॅकेजमध्ये येत नाही. त्यामुळे दाढेवर कॅप बसवायची वेळ आली, की खर्च स्वतःच्या खिशातून किंवा वेगळ्या पूरक विम्यातून करावा लागतो. साहजिकच दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की ही कॅप किती वर्षे टिकेल?

या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा कॅपमध्ये शोधतो. सिरॅमिक कोणते, कोणत्या कंपनीचे, किती महाग, याची चौकशी करतो. परंतु चिकटवलेल्या सिरॅमिक कॅपचे आयुष्य बऱ्याच अंशी तिच्या खालच्या दातावर ठरते. तो दात किती तासला, कुठवर तासला, त्याच्या कडा कशा ठेवल्या आणि तासल्यावर उघड्या पडलेल्या भागाचे काय केले, यावर तिचा टिकाऊपणा अवलंबून असतो. दात हा दगडाचा तुकडा नसून आतून असंख्य सूक्ष्म नळ्यांनी बनलेला आहे, हे कळल्याशिवाय या गोष्टीचा अर्थ लागत नाही. त्या नळ्यांचे सूक्ष्मदर्शकातून केलेले पहिले ठसठशीत वर्णन एका डच माणसाने ३४० हून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवले. तो दंतवैद्य नव्हता, वैद्यही नव्हता. डीमनहून आगगाडीने साधारण तासाभराच्या अंतरावर असलेल्या डेल्फ्ट शहरातला तो कापडाचा व्यापारी होता. त्याचे नाव अँटोनी व्हान लेवेनहूक. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात जीवाणू प्रथम पाहणारा म्हणून आपल्याला भेटलेला लिवेनहॉक तो हाच.

टोपल्यांच्या घरातून कापडाच्या दुकानात

लेवेनहूक यांचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ रोजी डेल्फ्टमध्ये झाला. वडील फिलिप्स टोपल्या विणण्याचा व्यवसाय करीत. आई मार्गारेठा ही बिअर बनवणाऱ्या सुस्थितीतल्या घराण्यातली. त्याच वर्षी, त्याच महिन्याच्या अखेरीस, त्याच शहरात योहानेस व्हरमेर या चित्रकाराचा बाप्तिस्मा झाला. एकाच गावात वाढलेल्या या दोघांनी पुढे आपापल्या परीने जगाला बारकाईने पाहायला शिकवले.

अँटोनी पाच वर्षांचे असताना वडील वारले. आईने काही वर्षांनी दुसरे लग्न केले आणि मुलाला लाइडनजवळच्या वार्मोंड गावी शाळेत धाडण्यात आले. पुढे काही काळ ते बेंटहाउझेन येथे एका नातेवाइकाकडे राहिले. विद्यापीठाची पायरी त्यांनी कधी चढली नाही. त्या काळात विद्येची भाषा असलेली लॅटिन त्यांना आली नाही, आणि इंग्रजी तर नाहीच. आयुष्यभर त्यांनी जे लिहिले ते आपल्या रोजच्या डच भाषेत.

१६४८ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्यांना अ‍ॅमस्टरडॅमला विल्यम डेव्हिडसन या स्कॉटिश कापडव्यापाऱ्याकडे उमेदवारीसाठी पाठवण्यात आले. पेढीवर हिशेब ठेवणे, रोकड सांभाळणे आणि कापड पारखणे ही कामे ते तिथे शिकले. कापडाचा पोत तपासायचा तर भिंगाखाली धरून ठराविक जागेत किती धागे बसतात ते मोजावे लागते. ही मोजण्याची सवय त्यांच्या हाताला या वयात लागली आणि ती अखेरपर्यंत सुटली नाही.

ते अ‍ॅमस्टरडॅममध्ये होते त्याच काळात, मार्च १६५१ मध्ये, मोठे वादळ आले आणि समुद्राचे पाणी अडवणारा डीमनचा बांध फुटला. १६२९ साली मोठ्या कष्टाने कोरडे केलेले शेजारचे सरोवर, आजचे वाटरग्राफ्समेर, पुन्हा पाण्याखाली गेले. समुद्रसपाटीच्या खाली राहणाऱ्या या देशाला तेव्हापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. बांध कितीही रुंद असला तरी त्याची परीक्षा सर्वात कच्च्या जागी होते. दातावरच्या कॅपलाही हाच नियम लागू पडतो, तो कसा ते पुढे पाहू.

डेल्फ्टचे कारभारी

१६५४ मध्ये लेवेनहूक डेल्फ्टला परतले, बार्बरा डे मे यांच्याशी विवाह केला आणि हिप्पोलिटसबुर्ट या रस्त्यावर घर घेऊन स्वतःचे कापडाचे दुकान थाटले. पाच अपत्यांपैकी मारिया ही एकच मुलगी जगली. १६६६ मध्ये बार्बरा यांचे निधन झाले. पुढे १६७१ मध्ये त्यांनी कोर्नेलिया स्वाल्मियस यांच्याशी दुसरे लग्न केले.

१६६० पासून नगराच्या न्यायमंडळाच्या दालनाची देखरेख करण्याचे काम त्यांच्याकडे होते. १६६९ मध्ये त्यांनी भूमापकाची परीक्षा दिली. १६७६ मध्ये कर्जबाजारी अवस्थेत वारलेल्या व्हरमेर यांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्यासाठी नगराने त्यांचीच नेमणूक केली. १६७९ पासून शहरात येणाऱ्या मद्याच्या पिंपांचे माप घेण्याचे कामही त्यांच्याकडे आले. जमीन मोजणे, पिंपाची धारणशक्ती काढणे, धागे मोजणे या सगळ्यांत एकच शिस्त आहे. डोळ्यांना दिसते त्याला आकडा देता आला पाहिजे.

या कामांतून उरलेल्या वेळात ते घरी भिंगे करीत. त्यांचा सूक्ष्मदर्शक म्हणजे दोन पातळ धातूच्या पट्ट्यांमध्ये बसवलेले मण्याएवढे एकच भिंग आणि समोर वस्तू टोचून ठेवायला एक सुई. ही वस्तू तळहातावर मावत असे. ती डोळ्याला अगदी लावून, उजेडाकडे तोंड करून पाहावे लागे. उट्रेख्त विद्यापीठाच्या संग्रहालयात जपलेला त्यांचा एक सूक्ष्मदर्शक वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवतो. भिंग करण्याची कृती त्यांनी कोणालाच सांगितली नाही. २०२१ मध्ये डेल्फ्टच्याच संशोधन-अणुभट्टीत न्यूट्रॉन किरणांच्या साहाय्याने, वस्तू न उघडता, त्या भिंगाची तपासणी झाली. तेव्हा ते काचेचा धागा आगीवर वितळवून केलेल्या गोळीचे असल्याचे दिसून आले.

१६७३ मध्ये डेल्फ्टचेच तरुण वैद्य रेनियर डे ग्राफ यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डनबर्ग यांना लेवेनहूक यांच्याविषयी लिहिले. तिथून सुरू झालेला पत्रव्यवहार पन्नास वर्षे चालला. ऑक्टोबर १६७६ च्या पत्रात त्यांनी पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचे वर्णन केले, तेव्हा लंडनच्या विद्वानांना ते पटेना. लेवेनहूक यांनी शहरातल्या आठ प्रतिष्ठितांना आपल्या भिंगातून पाहायला लावून त्यांच्या सहीचे दाखले पाठवले. १६७७ च्या नोव्हेंबरमध्ये रॉबर्ट हूक यांनी लंडनमध्ये तो प्रयोग स्वतः करून पाहिला आणि शंका मिटली. १६८० मध्ये रॉयल सोसायटीने या अशिक्षित समजल्या जाणाऱ्या दुकानदाराला आपले सदस्यत्व दिले.

दाताचा पातळ काप

दातांवरचे त्यांचे पहिले महत्त्वाचे निरीक्षण १६७८ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दाताचे अतिशय पातळ काप करून त्यांनी ते भिंगाखाली धरले. माणसाचा दात पाहिला, हत्तीचा दात पाहिला, गाईचा पाहिला, माशाचाही पाहिला. तोवर दात हा हाडासारखा सलग, भरीव पदार्थ मानला जात असे. लेवेनहूक यांना दिसल्या त्या एकमेकींना समांतर जाणाऱ्या अतिसूक्ष्म, पारदर्शक नळ्या. आपल्या स्वभावाप्रमाणे त्यांनी त्यांची जाडीही काढली. अशा सहाशे-सातशे नळ्यांची जुडी केली, तरी ती दाढीच्या एका केसाहून जाड होणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. पुढे एका दाढेत या नळ्या किती असतील याचाही त्यांनी हिशेब मांडला आणि तो ४८ लाखांच्या वर गेला.

केसाची ही तुलना आज तपासून पाहण्याजोगी आहे. दाढीच्या केसाचा छेद एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहून थोडा अधिक धरला, तर लेवेनहूक यांच्या अंदाजानुसार एका चौरस मिलिमीटरमध्ये काही दहा हजार नळ्या येतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने आज मोजलेला आकडाही याच पट्ट्यात आहे. एनॅमलच्या, म्हणजे दाताच्या बाहेरच्या चकचकीत कवचाच्या, लगत एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण २०,००० नळ्या असतात. दाताच्या गाभ्याजवळ ही संख्या ४५,००० च्या आसपास किंवा त्याहूनही वर जाते. एका हातभिंगाने आणि केसाच्या मापाने केलेला अंदाज इतका जवळ जावा, याचे आश्चर्य वाटते.

या नळ्या ज्या थरात असतात त्याला आज डेंटीन म्हणतात. तो एनॅमलच्या खाली आणि रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेल्या जिवंत गाभ्याच्या, म्हणजे पल्पच्या, वर असतो. नळ्या गाभ्यापासून निघून बाहेरच्या दिशेला जातात. त्यांत द्रव असतो. थंड पाण्याने किंवा वाऱ्याच्या झोताने तो द्रव हलतो आणि दात शिणशिणतो. १९६० च्या दशकात स्वीडनच्या मार्टिन ब्रान्स्ट्रॉम यांनी ही उपपत्ती प्रयोगांनी पुढे आणली आणि आज ती सर्वमान्य आहे. लेवेनहूक यांना यातले फक्त पहिले पाऊल दिसले होते, ते म्हणजे नळ्या आहेत आणि त्या मोजता येतात.

नळ्या आणि कॅप

लेवेनहूक यांच्या काळात सिरॅमिकची कॅप नव्हती. परंतु आजच्या दंतवैद्याच्या हातातले यंत्र जेव्हा दात तासते, तेव्हा ते लेवेनहूक यांनी पाहिलेल्या त्याच नळ्या उघडते. ही गोष्ट टिकाऊपणाशी कशी जोडलेली आहे हे समजण्यासाठी आधी कॅप कशी बसते ते पाहावे लागेल.

जुन्या पद्धतीत कॅप दाताला चिकटत नसे. झिंक फॉस्फेटचे सिमेंट केवळ मधली फट भरून काढी. पकड यायची ती आकारातून. उभ्या बाजूंच्या डब्यावर झाकण घट्ट बसते, तर पसरट वाटीवर ठेवलेले झाकण सहज निघून येते. म्हणून दात उंच ठेवून त्याच्या बाजू जवळजवळ समांतर तासाव्या लागत, आणि त्यासाठी निरोगी भागही मोठ्या प्रमाणात काढावा लागे. पुढच्या दातांवर पूर्ण कॅप बसवताना दाताच्या वरच्या भागाचे वजनाने ६३ ते ७२ टक्के द्रव्य तासले जाते, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत आढळले. एवढा दात एकदा गेला की परत येत नाही.

चिकटवण्याच्या पद्धतीने हे गणित बदलले. १९५५ मध्ये अमेरिकेत मायकेल ब्युओनोकोर यांनी एनॅमलवर काही क्षण फॉस्फरिक आम्ल लावून तो पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत केला आणि त्यावर रेझिन पक्के धरते हे दाखवले. १९८३ च्या सुमारास सिरॅमिकलाही हायड्रोफ्लोरिक आम्लाने असेच खडबडीत करून, सिलेन नावाच्या दुव्याने रेझिनशी जोडण्याची रीत आली. आता दात, रेझिन आणि सिरॅमिक मिळून एकसंध होऊ लागले. एरवी ठिसूळ असलेले पातळ सिरॅमिक दाताला नीट चिकटले, की भार दातावर सोपवते आणि फुटत नाही. चिकटवण बिघडली, की तेच सिरॅमिक पोकळ जमिनीवर घातलेल्या फरशीसारखे तडकते.

येथे नळ्यांचा प्रश्न येतो. एनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. ते कोरडे करता येते, त्यात नळ्या नसतात आणि त्यावरची चिकटवण वर्षानुवर्षे टिकते. डेंटीनमध्ये खनिज साधारण ७० टक्के असते. उरलेला भाग कोलॅजेनचे तंतू आणि पाणी यांचा. बाहेरच्या थरात नळ्यांची तोंडे पृष्ठभागाच्या जेमतेम एक टक्का जागा व्यापतात, पण गाभ्याजवळ ती पाचव्या हिश्श्याहूनही अधिक जागा घेतात. म्हणजे यंत्र जितके खोल जाईल, तितक्या नळ्या अधिक, त्यांची तोंडे मोठी, ओल जास्त आणि रेझिनला धरायला घट्ट जमीन कमी. शिवाय गाभा जवळ आल्याने त्याला इजा होण्याचा धोकाही वाढतो.

म्हणून चिकटवलेल्या सिरॅमिकसाठी दात तासताना दंतवैद्याला एकाच वेळी दोन बाजू सांभाळाव्या लागतात. फार कमी तासले तर सिरॅमिक फार पातळ होते आणि चावण्याच्या दाबाखाली तडकते. फार जास्त तासले तर दात कमकुवत होतो आणि चिकटवण ओल्या, खोल डेंटीनवर येते. आजच्या मजबूत काचसिरॅमिकमध्ये, नीट चिकटवल्यास, चावण्याच्या पृष्ठभागावर सुमारे एक मिलिमीटर जाडी चालू शकते. पूर्वी दीड-दोन मिलिमीटर जागा करावी लागे. जिथे निरोगी भाग शिल्लक आहे तिथे पूर्ण कॅपऐवजी दाताचा केवळ मोडका भाग झाकणारे सिरॅमिक बसवण्याकडे कल वाढला आहे तो याच कारणाने.

कडांची गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. कॅपची सीमा शक्यतो एनॅमलवर राहावी, कारण ती हिरडीखाली, मुळाजवळच्या डेंटीनवर गेली की तिथली चिकटवण लवकर सैल होते. आतले कोपरे धारदार ठेवले तर दाब तिथे एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो, म्हणून ते गोलसर करतात. रूट कॅनाल झालेल्या दाताला कॅपच्या कडेच्या वर सर्व बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर उंचीची स्वतःची भिंत उरली असेल, तर तो दात मुळाशी मोडण्याची शक्यता कमी होते.

रेझिनलाही स्वतःचा एक दोष आहे. घट्ट होताना ते आकुंचन पावते. सर्व बाजूंनी चिकटलेल्या जागेत ते आकसू लागले, की ताण चिकटवणीवर येतो. हा ताण पोकळीच्या आकारावर कसा अवलंबून असतो याचे मोजमाप अ‍ॅमस्टरडॅमच्या आक्टा या दंतविद्या केंद्रात फाइल्झर, डे ख्ये आणि डेव्हिडसन या संशोधकांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. चिकटलेला पृष्ठभाग आणि मोकळा पृष्ठभाग यांचे गुणोत्तर जगभरचे दंतविद्यार्थी आज शिकतात, ते मूळ या शहरातले.

उघड्या पडलेल्या नळ्यांवर उपाय म्हणजे त्या तासल्या त्याच दिवशी, साचा किंवा डिजिटल छबी घेण्यापूर्वी, रेझिनच्या पातळ थराने बंद करणे. ताज्या, स्वच्छ डेंटीनला रेझिन चांगले धरते. तात्पुरत्या कॅपखाली आठवडा-दोन आठवडे मळलेल्या डेंटीनला ते तसे धरत नाही. नेदरलँड्सच्या उत्तरेला ग्रोनिंगन येथील संशोधकांनी पुढच्या दातांवरच्या सिरॅमिक पापुद्र्यांचा अकरा वर्षे मागोवा घेऊन २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. तासलेल्या भागात अर्ध्याहून अधिक डेंटीन उघडे पडले होते अशा दातांत, लगेच बंद केलेल्यांपैकी सुमारे ९६ टक्के टिकले, तर नंतर बंद केलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के. एनॅमल भरपूर शिल्लक असलेल्या दातांत असा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे वाचवलेले एनॅमल हाच सर्वात मोठा विमा ठरतो.

तोंडातली वस्ती

कॅप उत्तम बसली तरी तिच्या कडेला तिचा जुना शत्रू बसलेला असतो. त्याची पहिली ओळखही लेवेनहूक यांनीच करून दिली. १७ सप्टेंबर १६८३ च्या पत्रात त्यांनी आपल्याच दातांच्या फटीतून काढलेल्या पांढऱ्या मळाचे वर्णन केले. ते रोज सकाळी मिठाने दात घासत, दातकोरण्याने फटी साफ करत आणि कापडाने दात पुसत. आजोळी मिठाने किंवा राखेने दात घासलेल्यांना ही दिनचर्या ओळखीची वाटेल. इतकी निगा राखूनही दातांच्या मधे मळ उरलाच. तो पावसाच्या पाण्यात आणि थुंकीत कालवून पाहिला, तर त्यात असंख्य जीव हालचाल करताना दिसले. त्यांनी दोन स्त्रियांच्या आणि दोन वृद्धांच्या दातांचा मळही तपासला. त्यांतल्या एकाने आयुष्यात कधी दात स्वच्छ केले नव्हते, आणि त्याच्या मळात जीवांची दाटी सर्वाधिक होती. आपल्या एका तोंडात या देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त प्राणी राहतात, असे त्यांनी लिहून ठेवले. पत्रासोबत जोडलेल्या आकृत्यांत जीवाणूंचे ओळखता येतील असे आकार आहेत.

नऊ वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा पुढच्या दातांच्या मळात जिवंत जीव सापडेनात. सकाळी गरम कॉफी प्यायची सवय लागली होती, तिच्यामुळे ते मेले असावेत असा त्यांनी तर्क केला. मागच्या दाढांजवळ मात्र ते सापडले.

१७०० मध्ये त्यांच्याकडे आणखी एक दंतविषयक प्रकरण आले. धुरी देऊन किडक्या दातातून काढलेले किडे म्हणून लंडनहून त्यांना काही अळ्या पाठवण्यात आल्या. दात किडा खातो ही समजूत युरोपातही होती. आपल्याकडे रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातला किडा पाडण्याचा प्रकार गावोगाव चालत असे, आणि दात किडला हा शब्दच त्या समजुतीची साक्ष देतो. लेवेनहूक यांनी त्या अळ्या भिंगाखाली पाहिल्या, चीजमध्ये होणाऱ्या अळ्यांशी त्यांची तुलना केली आणि त्या दातातल्या नसून खाण्यातून आलेल्या माशीच्या अळ्या आहेत, असा निवाडा दिला. दात कुरतडणारा किडा नव्हता, पण दातावर राहणारे अदृश्य जीव होते. त्यांचे आणि किडण्याचे नाते सिद्ध व्हायला मात्र एकोणिसावे शतक संपत यावे लागले.

आज कॅप निकामी होण्याच्या प्रमुख कारणांत कडेला पुन्हा लागलेली कीड, सिरॅमिकला गेलेला तडा आणि सुटलेली चिकटवण ही येतात. या तिन्हींचे मूळ पुष्कळदा एकाच जागी सापडते. कडा चुकीच्या जागी आली, तिथे चिकटवण सैल झाली, फट पडली आणि लेवेनहूक यांच्या त्या जीवांना घर मिळाले. डीमनचा बांधही असाच एका कच्च्या जागी खचला आणि मग सगळे सरोवर भरले.

अखेरची वर्षे

१६९४ मध्ये कोर्नेलिया यांचेही निधन झाले. घरात मुलगी मारिया राहिली. तिने लग्न केले नाही आणि वडिलांना अखेरपर्यंत सांभाळले. १६९८ मध्ये रशियाचे सम्राट पीटर डेल्फ्टला आले, तेव्हा लेवेनहूक यांनी त्यांना मासळीच्या शेपटीतला रक्तप्रवाह दाखवला. राजे आले, राण्या आल्या, तरी त्यांनी आपले उत्तम सूक्ष्मदर्शक कोणाला दिले नाहीत. त्या जपणुकीची किंमत विज्ञानाने मोजली. त्यांच्यामागे शंभर वर्षे सूक्ष्म जीवांच्या अभ्यासात फारसे कोणी पुढे जाऊ शकले नाही. दातातल्या नळ्यांचेही तेच झाले. त्या जवळजवळ विस्मरणात गेल्या आणि १८३० च्या दशकात पुर्किन्ये आणि रेट्झियस यांनी त्या पुन्हा शोधून काढल्या.

वयाच्या नव्वदीतही लेवेनहूक लिहीत होते. स्वतःच्या छातीखाली जाणवणाऱ्या धडधडीचे वर्णनही त्यांनी लंडनला कळवले. २६ ऑगस्ट १७२३ रोजी त्यांचे निधन झाले. डेल्फ्टच्या जुन्या चर्चमध्ये त्यांची समाधी आहे, आणि व्हरमेरही तिथेच विसावले आहेत. मृत्युपत्राने त्यांनी २६ सूक्ष्मदर्शकांची पेटी रॉयल सोसायटीला दिली. एकोणिसाव्या शतकात ती पेटी हरवली. मारिया गेल्यावर १७४७ मध्ये उरलेल्या सूक्ष्मदर्शकांचा लिलाव झाला. पाचशेच्या वर बनवलेल्या भिंगांपैकी आज जेमतेम डझनभर सूक्ष्मदर्शक शिल्लक आहेत.

त्यांच्या शहरापासून आणि काळापासून दूर, आपल्या दंतवैद्याच्या खुर्चीत, त्यांचा वारसा एका साध्या सवयीत उतरतो. कापण्यापूर्वी पाहावे आणि मोजावे. कॅपचा प्रस्ताव आला की किमतीबरोबर आणखी काही प्रश्न विचारता येतात. पूर्ण कॅपच हवी का, की अर्धवट झाकणाने भागेल? किती दात तासावा लागेल? कडा एनॅमलवर राहील का? डेंटीन उघडे पडणार असेल तर ते त्याच भेटीत बंद करणार का? सुट्टीत पुण्या-मुंबईला जाऊन दोन-चार दिवसांत दात करून घेणाऱ्यांनी हे प्रश्न तिथेही विचारावेत. घाई झाली की सर्वात आधी तडजोड होते ती नेमकी चिकटवणीच्या पायऱ्यांत.

चांगल्या दंतवैद्याला असे प्रश्न रुचतात, कारण त्याची उत्तरे त्याने तासण्यापूर्वीच ठरवलेली असतात. काढलेले एनॅमल कोणत्याही विम्यातून परत मिळत नाही. त्याच्याखाली लाखो नळ्यांचे एक जिवंत जग आहे, हे डेल्फ्टच्या कापडव्यापाऱ्याने केसाच्या मापाने मोजून आपल्याला सांगून ठेवले आहे.